कोरियाचं युद्ध अजून संपलेलं का नाही?

माझी भाची पुण्यात कॉलेजला आहे. कोरियन मालिका, कोरियन गाणी, कोरियन नूडल्स, तिच्या खोलीत सगळं कोरिया आहे. बीटीएस या गायकांच्या गटातला सगळ्यात मोठा, जिन, डिसेंबर २०२२ मध्ये सैन्यात दाखल झाला तेव्हा तिने मला विचारलं, "मामा, तिकडचं युद्ध तर कधीच संपलं ना? मग सगळ्या पोरांना सक्तीने का पाठवतात?" मी म्हटलं, "लढाई थांबली गं, युद्ध संपलं नाही." तिचा चेहरा बघून कळलं की एवढ्याने भागणार नाही. तिला तेव्हा तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग मांडतो. कारण गाझा असो, युक्रेन असो, 'शस्त्रसंधी झाली' अशी बातमी आली की आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि पान उलटतो. कोरियाची गोष्ट वाचली की ते पान इतक्या लवकर उलटता येत नाही.

२७ जुलै १९५३, सकाळचे दहा. पानमुन्जोम नावाचं खेडं, आणि तिथे या कामासाठी घाईने उभारलेली लाकडी इमारत. एका बाजूने अमेरिकेचे लेफ्टनंट जनरल विल्यम हॅरिसन आत आले, दुसऱ्या बाजूने उत्तर कोरियाचे जनरल नाम इल. नमस्कार नाही, हात मिळवणं नाही, एकमेकांकडे धड बघणंही नाही. दोघे आपापल्या टेबलाशी बसले आणि सह्या करत सुटले. इंग्रजी, कोरियन आणि चिनी अशा तीन भाषांतला मसुदा, एकूण १८ प्रती. दहा-बारा मिनिटांत काम उरकलं, दोघे उठले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. बाहेर तोफांचे आवाज चालूच होते, कारण करार लागू व्हायचा होता रात्री दहाला. सही झाल्यावरही बारा तास माणसं मरत होती.

तीन वर्षांत अंदाजे पंचवीस लाख किंवा त्याहूनही अधिक जीव गेले होते. बहुतेक साधी माणसं, सैनिक नव्हेत.

आपल्याकडे 'तह' हा शब्द पक्का आहे. १६६५ साली पुरंदरचा तह झाला, त्यात २३ किल्ले द्यायचे आणि १२ ठेवायचे हे स्पष्ट होतं. तह म्हणजे कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं, याचा निवाडा. शस्त्रसंधी हा निवाडा नसतो. गावातलं उदाहरण घ्या. दोन भावांचा जमिनीवरून वाद आहे, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने 'जैसे थे'चा हुकूम दिला. म्हणजे आज ज्याचा नांगर जिथे आहे, तिथेच त्याने थांबायचं. जमीन कोणाची, हे ठरलेलंच नाही. सातबाऱ्यावर सगळ्या रानाला दोघेही आपलंच नाव सांगतायत. कोरियात नेमकं हेच झालं. उत्तरेचं सरकार म्हणे अख्खा देश माझा, दक्षिणेचंही तेच. दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात आजही संपूर्ण कोरियन द्वीपकल्प आपला प्रदेश म्हणून लिहिलेला आहे.

आणि सह्या कोणाच्या, हेही बघा. पानमुन्जोममध्ये वाटाघाटी करणाऱ्या दोन जनरलांच्या सह्या झाल्यावर, ज्यांची फौज लढत होती त्या सेनापतींनी आपापल्या ठिकाणी सह्या केल्या: संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे अमेरिकन सेनापती मार्क क्लार्क, उत्तर कोरियाचे किम इल सुंग, आणि 'चिनी स्वयंसेवकां'चे सेनापती पंग दह्वाय. कागदावर चीन युद्धात उतरलेलाच नव्हता, त्याचे 'स्वयंसेवक' तेवढे लढत होते. एकाही देशाच्या सरकारने, सरकार म्हणून, यावर सही केली नाही. आणि ज्या दक्षिण कोरियाच्या भूमीवर हे सगळं घडलं, त्याची तर सहीच नाही. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना देश एक झाल्याशिवाय लढाई थांबवायचीच नव्हती. ते अडून बसले आणि कागद त्यांच्याविना झाला.

युद्ध सुरू कसं झालं ते थोडक्यात सांगतो, त्यावर ग्रंथ पडलेत. १९४५ साली जपान हरला तेव्हा त्याच्या ताब्यातला कोरिया ३८ अक्षांशावर तात्पुरता वाटला गेला, वर रशियन आणि खाली अमेरिकन. ही रेघ दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी घाईघाईत, एका साध्या नकाशावर बघून सुचवली होती. तात्पुरती रेघ पक्की झाली. २५ जून १९५० रोजी उत्तरेने ती ओलांडली आणि तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल घेतली. अमेरिका संयुक्त राष्ट्रांचा झेंडा घेऊन उतरली, सप्टेंबरमध्ये इंचॉनला फौज उतरवून अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांनी डाव उलटवला आणि ते थेट चीनच्या सीमेकडे निघाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी बीजिंगमधले आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं, अमेरिकन फौज ३८ अक्षांश ओलांडेल तर चीन गप्प बसणार नाही. भारताने निरोप पोचवला. वॉशिंग्टनने तो धमकावणी समजून बाजूला ठेवला. महिना संपायच्या आत चिनी फौजा आत शिरल्या होत्या. मला या युद्धातला सगळ्यात चटका लावणारा क्षण हाच वाटतो. योग्य माणसाकडून, योग्य वेळी, खरा निरोप आला होता.

१९५१च्या उन्हाळ्यापर्यंत दोन्ही बाजू फिरून जवळजवळ ३८ अक्षांशाशीच आल्या. १० जुलै १९५१ रोजी बोलणी सुरू झाली. ती संपायला दोन वर्षं लागली, १५८ बैठका झाल्या. या दोन वर्षांत रेघ फारशी हलली नाही, पण टेकड्यांसाठी मारामारी चालूच राहिली. अमेरिकेचे जेवढे जवान या युद्धात मेले किंवा जखमी झाले, त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक बोलणी सुरू झाल्यानंतरचे आहेत. पोर्क चॉप नावाची टेकडी जुलै १९५३ पर्यंत पुन्हा पुन्हा लढवली गेली. शस्त्रसंधीच्या सोळा दिवस आधी अमेरिकनांनी ती सोडली. आज ती दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात आहे, म्हणजे तिथे कोणीच राहत नाही.

एवढं अडलं कशावर?

मराठी वर्तमानपत्रांत 'युद्धबंदी' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक, युद्ध थांबवणं. दुसरा, युद्धात पकडलेला कैदी. कोरियात एक युद्धबंदी दुसऱ्या युद्धबंदीमुळे रखडली. सीमारेषेचं बऱ्यापैकी १९५१च्या नोव्हेंबरातच जुळलं होतं. पुढचे महिनेच्या महिने गेले ते कैद्यांवरून.

१९४९चा जिनिव्हा करार म्हणतो, लढाई थांबली की कैद्यांना विलंब न लावता मायदेशी पाठवा. सरळ वाटतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात दीड लाखाहून अधिक माणसं होती आणि १९५२च्या वसंतात त्यांना विचारून बघितलं, तर साधारण ७० हजारच परत जायला राजी निघाले. कित्येक जण मुळात दक्षिणेचेच होते, उत्तरेच्या फौजेने त्यांना जबरदस्तीने भरती केलेलं. कित्येक चिनी आधी च्यांग कै-शेकच्या, म्हणजे माओच्या कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या नेत्याच्या सैन्यात होते, ते हरल्यावर माओच्या सैन्यात ओढले गेले होते. अमेरिकेचं म्हणणं पडलं, नको म्हणणाऱ्याला ढकलणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियन कैद्यांना स्टालिनकडे परत धाडल्यावर त्यांचे काय हाल झाले, ते ताजं होतं. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत होते, करारात 'मर्जी' हा शब्दच नाही, आमची माणसं आम्हाला द्या. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवलं तर त्यांचंही खोटं नव्हतं.

आणि त्या छावण्यांत 'मर्जी' कितपत मोकळी होती, हा प्रश्न वेगळाच. छावण्यांमध्ये कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टविरोधी टोळ्यांचं राज्य होतं. कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदल्या गेल्या, काहींच्या तर बळजबरीने. एकदा अंगावर तसं गोंदल्यावर तो माणूस घरी कुठल्या तोंडाने जाणार? कोजे बेटावरच्या छावणीत मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीच्या अमेरिकन प्रमुखालाच पकडून ठेवलं होतं.

ही गाठ सोडवायचा मसुदा भारताने आणला. कृष्ण मेनन यांनी मांडलेला ठराव ३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर झाला. कल्पना अशी, की परत न जाणाऱ्या कैद्यांना पकडणाऱ्यांच्या हातून काढून तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचं, तिथे त्यांच्या देशाच्या लोकांना त्यांच्याशी बोलू द्यायचं आणि मग ज्याने त्याने ठरवायचं. रशियाने विरोध केला, चीननेही आधी झिडकारलं. मग ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारला, मॉस्कोला या युद्धाचं ओझं नकोसं झालं, आणि जूनमध्ये जे ठरलं त्याचा सांगाडा बराचसा भारताच्या ठरावाचाच होता. सिंगमन री यांनी १८ जूनला छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले. करार मोडावा हाच त्यांचा हेतू होता. मोडला नाही, पण वाचला थोडक्यात.

आता कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला माणूस या गोष्टीत येतो, आणि मला याचं नेहमी नवल वाटतं की आपल्याकडे तो फारसा कोणाला माहीत नाही. तटस्थ देशांच्या आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया होते आणि अध्यक्ष भारत. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष झाले. कैदी सांभाळायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, ज्यांना लष्करात सगळे एस. पी. पी. थोरात म्हणून ओळखत. री यांनी जाहीर करून टाकलं की भारतीय शिपायाचा पाय दक्षिण कोरियाच्या मातीला लागू देणार नाही. म्हणून आपले जवान इंचॉनला जहाजातून आले आणि तिथून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथे त्यांनी तंबूंचं गाव वसवलं, त्याचं नाव ठेवलं हिंद नगर.

त्यांच्या ताब्यात दक्षिणेकडून २२ हजार ६०० च्या वर कैदी आले, त्यातले १४ हजारांहून अधिक चिनी. उत्तरेकडून आले ३५९. काम विचित्र होतं. कैद्याला तंबूत आणायचं. समोर त्याच्या देशाचे लोक बसलेले, बाजूला आयोगाच्या पाचही देशांची माणसं. देशाचा माणूस सांगायचा, बाबा, घरी चल, तुझी आई वाट बघतेय, तुला काही शिक्षा होणार नाही. कैदी कधी ओरडायचा, कधी थुंकायचा, कधी अंगावर धावून जायचा, तेव्हा भारतीय शिपाई त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसवायचे. बोलणं संपलं की त्याने उठून एका दाराने जायचं. तंबूला दोन दारं होती. एका दाराने गेलं की मायदेश, दुसऱ्याने गेलं की परत छावणी. त्या दोन दारांमध्ये उभ्या राहिलेल्या विशी-बाविशीतल्या पोराचा विचार माझ्या मनातून जात नाही. एका दाराने गेला तर घरी काय वाढून ठेवलंय माहीत नाही, दुसऱ्याने गेला तर घर पुन्हा दिसेल की नाही माहीत नाही.

एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून कुंपणाच्या आत नेलं. थोरात मोजकी माणसं घेऊन स्वतः आत गेले. भोवती शेकडो चवताळलेले कैदी. गोळी चालवली असती तर मेजरही गेला असता आणि कदाचित सगळी योजनाच कोसळली असती. थोरातांनी बोलत राहून, वातावरण सैल करत, आपला माणूस बाहेर आणला. पुढे एक-दोन प्रसंगी गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले, हेही सांगायला हवं. बर्मातल्या लढाईसाठी ज्याला डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला होता, त्या सेनापतीची खरी कसोटी इथे होती: हातात बंदूक असून ती न वापरणं.

ठरलेल्या मुदतीत समजावणीचं काम पुरं झालंच नाही. शेवटी सहाशेच्या आसपास कैद्यांनी मन बदललं आणि ते घरी गेले. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी बाकीच्यांना ज्यांनी पकडलं त्यांच्याच हवाली केलं, आणि चिनी कैद्यांपैकी १४ हजारांहून अधिक जण तैवानला गेले. उत्तरेकडे राहिलेल्यांत २१ अमेरिकन होते. ८८ जण मात्र असे निघाले की त्यांना उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवानही नको. ते आपल्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आले. त्यातले काही पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

कागदात काय राहून गेलं

करारात ६३ परिच्छेद आहेत आणि लष्करी भाग बारकाईने लिहिलेला आहे. जिथे फौजा उभ्या तिथे रेघ, रेघेपासून दोन्ही फौजांनी ७२ तासांत दोन-दोन किलोमीटर मागे जायचं. त्यातून चार किलोमीटर रुंद आणि साधारण अडीचशे किलोमीटर लांब पट्टा तयार झाला. या पट्ट्यात सत्तर वर्षांत माणसाचा वावर जवळपास नाही, म्हणून लाल शेंडीचे क्रौंच पक्षी हिवाळ्यात निवांत उतरतात. तक्रारी सोडवायला दोन्ही लष्करांचा संयुक्त आयोग, देखरेखीला तटस्थ देशांचा आणखी एक, वेगळा आयोग. पिवळसर पाट्यांची रांग रोवून रेघ दाखवायची, हेसुद्धा ठरलेलं.

पण तीन गोष्टी सुटल्या, आणि जगाने पुढे जे भोगलं ते बरंचसं या तीन भोकांतून आलं.

पहिलं, समुद्र. पश्चिमेकडची पाच बेटं कोणाकडे राहणार ते लिहिलं, पण पाण्यातली रेघ लिहिली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीने नंतर आपल्या बाजूने एक रेघ आखली, ती उत्तरेला मान्य नाही. खेकड्यांच्या हंगामात मासेमारी होड्यांवरून १९९९ आणि २००२ मध्ये तिथे चकमकी झाल्या. २०१० मध्ये दक्षिणेची चेओनान युद्धनौका बुडून ४६ खलाशी गेले, आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला यॉनप्यॉंग बेटावर उत्तरेच्या तोफा धडधडल्या. तिथे सैनिकांबरोबर साधी माणसंही मेली.

दुसरं, शस्त्रं. नवी हत्यारं आणायची नाहीत, जुनं मोडलं तर त्याच जातीचं एकाला एक बदलायचं, असं कलम होतं. उत्तरेने ते मोडल्याचा ठपका ठेवत १९५७ मध्ये अमेरिकेच्या बाजूने सांगून टाकलं की आम्ही हे कलम यापुढे पाळत नाही, आणि १९५८च्या जानेवारीत दक्षिणेत अण्वस्त्रं आणली. ती १९९१ मध्ये काढली. २००६ मध्ये उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. यातलं कुठलं कशामुळे झालं यावर वाद घालता येईल, पण कलम मोडलं तर पुढे काय, हे करारात कुठेच नव्हतं. पंच नेमले होते, दंड लिहिला नव्हता.

तिसरं भोक सगळ्यात मोठं. साठाव्या परिच्छेदात म्हटलंय, तीन महिन्यांत राजकीय परिषद घेऊन परदेशी फौजा माघारी जाण्याचा आणि कोरियाचा प्रश्न सोडवावा, अशी सेनापती आपापल्या सरकारांना शिफारस करतात. शिफारस! परिषद भरली एप्रिल १९५४ मध्ये, जिनिव्हात. जूनमध्ये काहीही न ठरता उठली. त्यानंतर ती कधीच भरली नाही.

जगावर काय झालं

री यांना गप्प बसवायची किंमत अमेरिकेने चुकवली: १ ऑक्टोबर १९५३ रोजी दोन्ही देशांत संरक्षण करार झाला. आज दक्षिण कोरियात साधारण २८,५०० अमेरिकन सैनिक आहेत ते याच आधारावर. जे युद्ध संपलं नाही त्याच्या पहाऱ्यासाठी आलेली ही फौज आज चीनच्या उंबरठ्यावर उभी आहे, आणि अमेरिका-चीन ताणतणावात तिचा हिशोब रोज मांडला जातो.

तैवानचंही तसंच. युद्ध पेटताच जून १९५० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तैवानच्या सामुद्रधुनीत आरमार पाठवलं. त्याआधी तैवान माओच्या हाती पडेल असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. कोरियातली लढाई थांबली, तैवानची पाठराखण थांबली नाही, उलट १९५४च्या डिसेंबरात त्याच्याशीही संरक्षण करार झाला. आज चिप्सच्या बातम्यांमध्ये तैवानचं नाव वाचताना हे आठवत नाही, पण धागा तिथूनच येतो.

जपानला या युद्धाने उभं केलं. १९५० साली टोयोटा बुडायच्या बेतात होती. अमेरिकन सैन्याने ट्रकांची मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. युरोपात नाटो १९४९ मध्ये कागदावर जन्मली होती, तिला एकत्रित फौज आणि सेनापती मिळाले ते कोरियाच्या धसक्याने. कोरियात शिपाई पाठवणारे तुर्कस्तान आणि ग्रीस १९५२ मध्ये नाटोत आले. अमेरिकेचा संरक्षण खर्च तिपटीहून अधिक वाढला आणि शस्त्रसंधीनंतरही तो जुन्या पातळीवर कधी आला नाही.

आणि एका ठिकाणची लढाई थांबली की तिथली हत्यारं घरी जातातच असं नाही. चीनचं लक्ष आणि तोफा दक्षिणेकडे, व्हिएतनामकडे वळल्या. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरले. जिनिव्हात एकाच इमारतीत कोरियाची चर्चा फसत होती आणि व्हिएतनामची सुरू होत होती. तिथे जे ठरलं त्याच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद पुन्हा भारताकडेच आलं. बहुधा हिंद नगरात जे केलं, ते बघूनच.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना एक धागा अगदी जवळचा आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. जगातल्या मेमरी चिप्सपैकी निम्म्याहून अधिक दोन कोरियन कंपन्या बनवतात, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही बहुधा त्यांचीच असेल. आणि सोल शहर त्या रेघेपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पुण्यापासून तळेगाव-लोणावळ्याइतकं. एवढा सगळा डोलारा एका 'जैसे थे'च्या हुकुमावर उभा आहे.

पहारेकरी आणि टेलिफोन

मग हे सत्तर वर्षं टिकलं कसं? मला वाटतं, रोजच्या कंटाळवाण्या कामामुळे. १८ ऑगस्ट १९७६ रोजी पानमुन्जोममध्ये एक पॉप्लरचं झाड नजरेआड येतं म्हणून त्याच्या फांद्या तोडायला गेलेल्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना उत्तरेच्या सैनिकांनी कुऱ्हाडींनी मारलं. तीन दिवसांनी अमेरिकेने आकाशात बॉम्बर विमानं फिरवत ते झाड तोडलं. जग एका झाडावरून युद्धाच्या काठावर गेलं होतं. त्या दिवसांत दोन्ही लष्करांचा संयुक्त आयोग भरत होता, किम इल सुंग यांनी त्याच मार्गाने खेद कळवला, आणि प्रकरण निवळलं.

तो आयोग आज नावापुरता आहे. १९९०च्या दशकात उत्तरेने त्यातून अंग काढलं, आणि देखरेखीच्या तटस्थ आयोगातल्या चेक आणि पोलिश निरीक्षकांना घालवून दिलं. स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मोजके अधिकारी मात्र अजून पानमुन्जोमला आहेत. ते नियमाने अहवाल लिहितात आणि उत्तरेसाठी ठेवलेल्या पेटीत टाकतात. तिकडून कोणी न्यायला येत नाही. एक गुलाबी टेलिफोनही आहे, त्यावरून दिवसातून दोनदा पलीकडे फोन करून लाइन चालू आहे ना ते बघायचं असतं. २०१३ मध्ये उत्तरेने शस्त्रसंधी रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि फोन उचलणं थांबवलं. तेव्हा इकडचे अधिकारी रेघेशी उभे राहून कर्ण्यावरून निरोप ओरडून सांगायचे. २०१८ मध्ये फोन पुन्हा चालू झाला. त्याच वर्षी दोन्ही कोरियांच्या नेत्यांनी पानमुन्जोममध्ये हात मिळवून, वर्ष संपायच्या आत युद्ध संपल्याचं जाहीर करू, असं म्हटलं होतं. ते झालं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरेने दक्षिणेला जोडणारे रस्ते सुरुंग लावून उडवून दिले.

या सगळ्यात ज्यांचं आयुष्य खरोखर गेलं ती फाटलेली कुटुंबं. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी पलीकडच्या नातेवाइकांना भेटायला नावं नोंदवली. बहुतेक वाट बघत गेले. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. नव्वदीच्या आया आणि सत्तरीची मुलं काही तास एका टेबलाशी बसली आणि मग आपापल्या बसमध्ये चढली. खिडकीच्या काचेला दोन्ही बाजूंनी तळहात लावलेले. याहून जास्त लिहवत नाही.

युक्रेनमध्ये 'कोरियासारखं करा' असं आता पुष्कळ जण सुचवतात: आहे तिथे रेघ मारा, हक्काचं नंतर बघू. माणसं मरायची थांबतात, हे खरं आहे आणि ते लहान नाही. पण कोरियात रेघ टिकली ती मागे हजारो अमेरिकन सैनिक कायमचे बसले म्हणून, आणि दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या वाट्याला सैन्यातलं किमान दीड वर्ष आलं म्हणून. सुचवणाऱ्यांनी हा भागही त्याच वाक्यात म्हणायला हवा.

भाचीला मी शेवटी युक्रेनचंच एक उदाहरण सांगितलं. उत्तर कोरियाने रशियाच्या मदतीला फौज पाठवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कुर्स्कच्या आघाडीवर त्यातले दोन जखमी सैनिक युक्रेनच्या हाती लागले. एक विशीतला, दुसरा त्याहून थोडा मोठा. पुढे त्यांनी दक्षिण कोरियात जायची इच्छा बोलून दाखवली. जिनिव्हा कराराचं अक्षर पाळायचं तर त्यांना मायदेशी पाठवायला हवं. सोल म्हणतं, आमच्या घटनेप्रमाणे ते आमचेच नागरिक आहेत, आम्ही घ्यायला तयार आहोत. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मामा, ते दोन दारांचं तंबूवालंच."

"तेच," मी म्हटलं.